घराचा आराखडा : निवड कशी करावी?

नवे घर बांधावयाचे ठरले म्हणजे बहुतेक कुटुंबांत प्रथम चर्चा होते ती दर्शनी भागाची, फरशीच्या रंगाची आणि एकंदर खर्चाची. वास्तविक या साऱ्यांच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो पुढील चाळीस-पन्नास वर्षे त्या घरातील माणसांच्या जीवनावर परिणाम करीत राहतो. तो निर्णय म्हणजे घराच्या आराखड्याची निवड. भिंतींचा रंग बदलता येतो, फरशी उखडून नवी घालता येते. परंतु स्वयंपाकघर पश्चिमेला पडले, अथवा जिना घराच्या मधोमध आला, तर ते पुढे बदलणे जवळजवळ अशक्य असते. कागदावरील रेघ खोडण्यास काही खर्च येत नाही, परंतु भिंत पाडण्यास मात्र पुष्कळ येतो.

आराखडा म्हणजे जमिनीपासून साधारणतः कमरेएवढ्या उंचीवर घर आडवे कापले आहे अशी कल्पना करून वरून पाहिले असता जे चित्र दिसेल ते. त्यात भिंती, दारे, खिडक्या, जिना व मोकळ्या जागा दिसतात. माणसे, ऊन व वारा दिसत नाहीत. न दिसणाऱ्या या तीन गोष्टी त्या चित्रात वाचता येणे, यातच आराखड्याच्या निवडीचे सारे शास्त्र आहे.

आराखड्यांचे चार प्रमुख प्रकार

भारतात प्राचीन काळापासून सर्वाधिक प्रचारात असलेला प्रकार म्हणजे चौकाचे घर. सिंधमधील मोहेंजोदडो येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची जी घरे उत्खननात सापडली, त्यांतील अनेकांच्या खोल्या मधल्या अंगणाभोवती रचलेल्या असून त्यांची दारे हमरस्त्याऐवजी बाजूच्या बोळांत उघडतात. पुण्याचा वाडा, अहमदाबादच्या पोळांतील घरे, राजस्थानातील हवेली, केरळातील नालुकेट्टू आणि गोव्यातील राजांगण असलेली घरे ही याच कुळातील होत. नालुकेट्टूत ‘नडुमुट्टम’ नावाच्या मधल्या अंगणाभोवती चार पाखी असतात आणि त्यांस दिशांवरून नावे दिलेली असतात.

दुसरा प्रकार ओळीच्या घराचा. यात खोल्या एकीशेजारी एक अशा एका रांगेत असून त्यांच्या पुढे लांबच लांब ओसरी असते. प्रत्येक खोलीला समोरासमोरच्या दोन बाहेरच्या भिंती मिळतात. तिसरा प्रकार बंगल्याचा. ‘बंगला’ हा शब्द बंगालमधील घरांवरून आला. मध्यभागी मोठे दालन, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या आणि बाहेरून व्हरांडा, अशी त्याची सर्वसामान्य रचना असते.

चौथा प्रकार खुल्या मांडणीचा. यात बसण्याची, जेवणाची आणि स्वयंपाकाची जागा भिंतींनी न तोडता एकाच मोठ्या दालनात ठेवतात. लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे खांब व तुळया यांमुळे ही मांडणी सुलभ झाली. जुन्या घरात छपराचा भार भिंती वाहत असत. म्हणून वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवरच बसवावी लागे. खांबांनी भार उचलल्यावर भिंत केवळ पडदा उरली आणि ती हवी तेथे ठेवता अथवा गाळता येऊ लागली. फ्रान्समध्ये काम करणारे वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए यांनी १९१४ मध्ये याच तत्त्वावर आधारलेला एक सांगाडा सुचविला होता. आज शहरांतून बांधल्या जाणाऱ्या बहुसंख्य सदनिकांत खुल्या मांडणीचा थोडाफार अंश असतोच.

क्षेत्रफळ तेच, भिंती मात्र निराळ्या

या प्रकारांतील भेद केवळ सौंदर्याचा नव्हे, हे एका साध्या गणितावरून स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबाला ९६ चौरस मीटरचे घर हवे आहे. भिंतींची जाडी तूर्त हिशेबात घेऊ नये. हे घर ८ मीटर रुंद व १२ मीटर लांब असे भरीव बांधले, तर त्याच्या बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी ४० मीटर भरते. तेच घर ४ मीटर रुंद व २४ मीटर लांब अशा ओळीचे केले, तर ती ५६ मीटर होते. आता ११ मीटरचा चौरस घेऊन त्याच्या मध्यभागी ५ मीटरचा चौरस चौक सोडला, तर १२१ मधून २५ वजा जाऊन पुन्हा ९६ चौरस मीटरच उरतात. परंतु बाहेरच्या ४४ आणि चौकाकडील २० मिळून भिंती ६४ मीटर होतात. म्हणजे भरीव घराच्या तुलनेने ओळीच्या घराला ४० टक्के आणि चौकाच्या घराला ६० टक्के अधिक भिंत लागते.

अधिक भिंत म्हणजे अधिक विटा, अधिक गिलावा आणि अधिक खर्च. त्याबरोबरच अधिक खिडक्या, अधिक उजेड आणि अधिक वाराही. उलट, भरीव घर स्वस्त पडते, परंतु त्याच्या मधल्या भागात दिवसाही दिवा लावण्याची पाळी येते. दाट वस्तीत चौकाच्या घराच्या बाहेरच्या भिंती शेजाऱ्यांच्या घरांना चिकटलेल्या असतात. त्यामुळे उन्हात तापणारी भिंत थोडीच उरते आणि उजेड-वारा चौकातून मिळतो. अहमदाबादच्या पोळांतील घरांचे मर्म हेच आहे. मोकळ्या भूखंडावर चारही बाजूंनी जागा सोडून तसेच घर बांधले, तर त्याचा हा लाभ पुष्कळसा नाहीसा होतो.

दुमजली घराचा हिशेब आणखी निराळा. प्रत्येक मजला ६ मीटर गुणिले ८ मीटर धरला, तर दोन्ही मजल्यांच्या भिंती मिळून ५६ मीटर होतात. मात्र छप्पर निम्मे, म्हणजे ४८ चौरस मीटरच राहते. छप्पर दिवसभर उन्हात असते, म्हणून उष्ण प्रदेशात ही बचत महत्त्वाची ठरते. परंतु जिन्यासाठी दोन्ही मजल्यांवरील जागा खर्ची पडते आणि पुढे वृद्धांना तो चढावा लागतो, हेही विसरून चालणार नाही.

सूर्याची वाट

आराखडा कोणताही असो, तो जमिनीवर कोणत्या दिशेने ठेवावयाचा हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. दिल्लीचा अक्षांश सुमारे २८.६ अंश उत्तर आहे. तेथे २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंश वर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो दक्षिणेकडे अवघा ३८ अंश वर येतो. आता दक्षिणेच्या भिंतीत १.२ मीटर उंचीची खिडकी असून तिच्या लगेच वर ०.६ मीटर रुंदीचा छज्जा आहे असे समजू. जूनमध्ये मध्यान्हीच्या वेळी छज्ज्याची सावली खिडकीला पूर्ण झाकते. डिसेंबरमध्ये ती फक्त ०.४७ मीटर खाली येते आणि खिडकीच्या उरलेल्या ०.७३ मीटर भागातून ऊन खोलीत शिरते. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, अशी दुहेरी सोय एका साध्या छज्ज्याने होते.

पश्चिमेच्या भिंतीची गोष्ट वेगळी आहे. तिसऱ्या प्रहरानंतर सूर्य खाली उतरलेला असतो आणि त्याचे किरण भिंतीवर जवळजवळ समोरून पडतात. त्यांना छज्जा अडवू शकत नाही. त्याच वेळी हवेचे तापमानही दिवसातील उच्चांकाजवळ असते. भिंत ती उष्णता शोषून घेते आणि काही तासांनी, म्हणजे नेमकी निजण्याच्या वेळी, आत सोडू लागते. म्हणून उष्ण प्रदेशात लांबट घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिमेकडे ठेवाव्यात. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली अशा थोडा वेळ वापरावयाच्या जागा घालाव्यात. निजण्याची खोली तेथे घातली, तर तिच्यात झोपणाऱ्या माणसाला त्याची किंमत दर उन्हाळ्यात मोजावी लागते.

वारा आणि हवामान

इमारतींच्या दृष्टीने भारताचे पाच हवामान-विभाग मानले आहेत : उष्ण व कोरडा, उष्ण व दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. अहमदाबाद व जोधपूर पहिल्या विभागात, मुंबई, चेन्नई व कोलकाता दुसऱ्यात, दिल्ली व नागपूर तिसऱ्यात, बंगळूर चौथ्यात आणि लेह पाचव्यात मोडते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इको-निवास संहिते’त, उघडता येणारी दारे, खिडक्या व झरोके यांचे चटई क्षेत्राशी किमान प्रमाण या विभागांनुसार सांगितले आहे. ९६ चौरस मीटर चटई क्षेत्र धरल्यास ते थंड प्रदेशात बारावा हिस्सा, म्हणजे ८ चौरस मीटर. उष्ण-कोरड्या प्रदेशात दहावा, म्हणजे ९.६, संमिश्र व समशीतोष्ण प्रदेशांत आठवा, म्हणजे १२, आणि उष्ण-दमट प्रदेशात सहावा, म्हणजे १६ चौरस मीटर होते. समुद्रकाठच्या घराला लडाखातील घराच्या दुप्पट उघडी जागा लागते, असा याचा अर्थ.

हा भेद का पडतो? दमट हवेत घाम लवकर सुकत नाही. अंगावरून वारा वाहिला तरच तो सुकतो व शरीर निवते. म्हणून तेथे ओळीचे घर उत्तम. मात्र वारा आत येण्यास जशी वाट हवी, तशीच बाहेर जाण्यासही हवी. एकाच भिंतीत दोन खिडक्या असलेल्या खोलीपेक्षा समोरासमोरच्या भिंतींत एकेक खिडकी असलेली खोली अधिक हवेशीर असते. कोकणातील जुन्या घरांत ओटी, माजघर व मागची पडवी यांची दारे एका रेषेत ठेवण्याचा जो प्रघात आहे, त्याचा लाभ हाच होय.

कोरड्या प्रदेशात मात्र दुपारचा वारा स्वतःच तापलेला असतो. तेथे दिवसा घर मिटून घेणे आणि रात्री उघडणे हेच योग्य. चौकाचे कार्य येथे दिसून येते. निरभ्र रात्री चौकाची फरशी व भोवतालची छपरे आपली उष्णता आकाशाकडे टाकतात. त्यांच्या लगतची हवा थंड होते आणि जड असल्यामुळे चौकात उतरून साचते. सकाळी ऊन वर येईपर्यंत हा थंडावा आसपासच्या खोल्यांना पुरतो. आकाश ढगाळ आणि हवा दमट असली, की ही क्रिया मंदावते. म्हणून जोधपूरचा चौक जसाच्या तसा मुंबईत नेला, तर त्यापासून थंडाव्याची तीच अपेक्षा करता येणार नाही. थंड प्रदेशात भरीव, आटोपशीर घर बांधून मोठ्या खिडक्या दक्षिणेला ठेवाव्यात आणि उत्तरेची भिंत शक्य तितकी बंद ठेवावी.

वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी १९६० च्या दशकात अहमदाबाद येथे बांधलेल्या पारेख यांच्या घरात या विचारांचा एक लक्षणीय उपयोग केला. त्या घराचे एक अंग उन्हाळ्यातील दुपारांसाठी असून ते वरच्या बाजूस निमुळते होत जाते. दुसरे अंग हिवाळ्यासाठी व उन्हाळ्यातील संध्याकाळींसाठी असून ते आकाशाकडे उघडते. ऋतूप्रमाणे व प्रहराप्रमाणे कुटुंबाने घरातल्या घरातच जागा बदलावी, अशी ती योजना होती. जुन्या काळी लोक उन्हाळ्यात गच्चीवर वा अंगणात निजत, तेव्हा तेही हेच करीत होते.

घरातील माणसे आणि त्यांची पावले

हवामानानंतर विचार करावयाचा तो घरातील माणसांचा. खुल्या मांडणीत थोडी जागाही ऐसपैस वाटते, स्वयंपाक करणारी व्यक्ती इतरांपासून तुटत नाही आणि लहान मुलांवर लक्ष राहते. परंतु फोडणीचा धूर व वास साऱ्या घरात पसरतो. एकाने दूरदर्शन-संच लावला की दुसऱ्याचा अभ्यास थांबतो. आणि पाहुणे येताच घरातील कोणालाही एकांत उरत नाही. दहावीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा मनुष्य किंवा आजारी वृद्ध घरात असेल, तर बंद होणारे एक तरी दार त्याच्या वाट्यास यावयास हवे.

चालण्याचाही हिशेब करून पाहावा. समजा, स्वयंपाकघर व जेवणाची जागा यांच्यातील अंतर आवश्यकतेपेक्षा ६ मीटरने अधिक पडले. दिवसातून वीस फेऱ्या होतात असे धरले, तर जाऊन-येऊन २४० मीटर जादा चाल होते. वर्षाला ती सुमारे ८८ किलोमीटर आणि चाळीस वर्षांत सुमारे ३,५०० किलोमीटर भरते. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे आराखडा आखताना झालेल्या एका दुर्लक्षामुळे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची वाट घरातल्या घरात चालावी लागते; आणि आपल्याकडे ती बहुधा घरातील स्त्रीच चालते. आराखड्याची चर्चा चालली असता तिचे मत विचारले जात नसेल, तर त्या चर्चेतील सर्वांत जाणकार साक्ष वगळली गेली असे समजावे.

वार्धक्याचाही विचार आरंभीच करावा. तळमजल्यावर एक निजण्याची खोली व तिच्या लगत न्हाणीघर आणि शौचालय असावे. चाकाची खुर्ची जावी म्हणून दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर ठेवावी आणि न्हाणीघरास उंच उंबरा ठेवू नये. बांधताना यास फारसा खर्च येत नाही; नंतर तो कितीतरी पटींनी येतो.

जमीन हादरली तर

आराखड्याच्या निवडीवर कधी कधी जीवही अवलंबून असतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. तेथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड छप्पर कोसळून हजारो माणसे दगावली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात दूरच्या अहमदाबादेतही काही बहुमजली इमारती पडल्या. त्यांत वाहने ठेवण्यासाठी तळमजला केवळ खांबांवर मोकळा सोडलेल्या इमारती होत्या. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला दुबळा, अशी स्थिती असली म्हणजे साऱ्या हादऱ्याचा ताण खालच्या खांबांवर येतो.

यावरून काही नियम निघतात. आराखडा साधा व शक्यतो सममित असावा. काटकोनात वळलेल्या घराच्या दोन भुजा भूकंपात निरनिराळ्या रीतीने हलतात आणि आतल्या कोपऱ्यात ताण एकवटतो. मोठ्या घरात अशा भुजा फट ठेवून विलग बांधणे हितावह. भार वाहणाऱ्या भिंतींच्या घरात दारे-खिडक्या कोपऱ्यांपासून दूर असाव्यात, त्या एकाखाली एक याव्यात, आणि जोत्यावर, दारांच्या माथ्यावर व छपराखाली काँक्रीटचे बंधपट्टे सलग फिरवावेत. खुल्या दालनासाठी एखादी भिंत गाळावयाची असेल, तर तिचा भार कोण वाहणार हे अभियंत्याकडून आधी ठरवून घ्यावे. जुन्या घरातील अशी भिंत परस्पर पाडणे अत्यंत धोक्याचे असते.

निवडीची रीत

या सर्व गोष्टी एकाच आराखड्यात पूर्णपणे साधतील असे नाही. भरीव घर स्वस्त पण अंधारे, ओळीचे हवेशीर पण लांब, चौकाचे शीतल पण खर्चिक, खुले ऐसपैस पण एकांत नसलेले. म्हणून गरजांचा क्रम लावणे अवश्य आहे. प्रथम भूखंडाची दिशा, वाऱ्याचा रोख आणि स्थानिक संस्थेचे नियम लिहून काढावेत. नंतर घरातील प्रत्येक व्यक्तीला आपल्या दिवसाचा क्रम विचारावा. मग दोन-तीन आराखडे प्रमाणात काढून त्यांवर खाट, कपाट, मेज यांचे त्याच प्रमाणातील कागदी तुकडे ठेवून पाहावेत. रिकाम्या आराखड्यात मोठी भासणारी खोली खाट ठेवताच किती उरते, हे त्यावरून कळते.

शेवटी निवडलेला आराखडा भूखंडावर चुन्याच्या फक्कीने पूर्ण आकारात आखून घ्यावा आणि कुटुंबातील सर्वांनी त्यात फिरून पाहावे. पहाटे उठून पाणी कोठे भरावयाचे, ओले कपडे कोठे वाळत घालावयाचे, मे महिन्यातील दुपारी आजोबांनी कोठे पडावयाचे, पावसात भिजून आलेल्या मुलांनी छत्र्या कोठे ठेवावयाच्या, या प्रश्नांची उत्तरे त्या पांढऱ्या रेघांत सापडतात की नाही हे पाहावे. न सापडल्यास रेघ पुसून दुसरी काढावी.

विद्यार्थ्यांना हा अभ्यास आपल्या राहत्या घरापासूनच आरंभिता येईल. मोजपट्टी घेऊन घराचा आराखडा काढावा, त्यावर उत्तर दिशा दाखवावी, आणि सकाळी आठ, दुपारी बारा व सायंकाळी चार वाजता ऊन कोणत्या खोलीत कोठवर येते याची खूण दर महिन्याला एकदा करावी. वर्षभराच्या अशा बारा नोंदी हाती असल्या, म्हणजे पुढे नवे घर बांधताना काय टाळावे आणि काय राखावे, हे त्यांवरून पुष्कळसे ठरविता येईल.